बोजा असलेली जुनी गाडी घेताना
गेल्या वर्षी पुण्यात एक जुनी गाडी पसंत पडली. आरसी कार्ड उलटून पाहिले, तर बारीक अक्षरांत कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव होते, म्हणजे गाडीवर कर्जाचा बोजा होता. "हप्ते संपत आलेत, काळजी करू नका," असे मालक म्हणाले. परंतु मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 51 नुसार बँकेच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही, आणि हप्ते थकले तर ती गाडी बँक आपल्या दारातून उचलून नेऊ शकते, हे मला ठाऊक होते. म्हणून मी त्यांना कर्ज पूर्ण फेडण्याच्या रकमेचे पत्र बँकेकडून आणायला सांगितले, तेवढी रक्कम थेट त्यांच्या कर्जखात्यात भरली आणि उरलेले पैसे बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र व बोजा उतरवण्यासाठीचा सही-शिक्क्याचा फॉर्म 35 हाती येईपर्यंत रोखून धरले. मालक थोडे नाराज झाले, पण माझी भूमिका मला आजही योग्यच वाटते. कर्ज फिटले तरी आरटीओच्या दप्तरातील बोजा वेगळा उतरवावा लागतो. फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी माझ्या नावावर झाली आणि नव्या कार्डावर बँकेच्या नावाची जागा कोरी दिसली, तेव्हाच मी निश्चिंत झालो.