शंभरात 68

सोमवार, 9 जून 2025

पहाटे साडेपाचला अण्णांनी अंगावरची चादर ओढली. "ऊठ, गोणपाट सोडायचंय." मी सव्वातीनला झोपलेलो. भाचा त्याहून उशिरा, आणि हे लिहितोय तोवर तो गच्चीवर मच्छरदाणीत आडवाच आहे.

गोणपाट म्हणजे गेल्या रविवारी भिजवून ठेवलेलं. मागच्या खरिपाचं एमएयूएस 158 सोयाबीन बियाण्यासाठी घरीच राखलंय. प्रत्येक कट्ट्यातून मूठमूठ काढून एकत्र केलं आणि उगवण बघायला न निवडता शंभर दाणे मोजले. (अण्णांचा हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जातो. आई तिथंच बसलेली असते, "वेचून घेतल्यावर परीक्षा कशाची?") ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी, वरून दुसरा ओला तुकडा, मग वळकटी करून न्हाणीच्या भिंतीला सावलीत उभी. रोज पाणी शिंपडायचं काम भाच्याकडं होतं, कारण मी परभणीहून शनिवारीच येतो. शिंपडलं असं तो म्हणतो.

आज सोडलं. पांढरे कोंब गोणपाटाच्या सुतळीत अडकलेले, हळूहळू सोडवावे लागतात. अण्णा मोजत होते, मी पाटीवर रेघा मारत होतो. 68.

सत्तर पाहिजे होते. सत्तर आले की डोळे झाकून एकरी 30 किलो पेरायचं. त्याखाली गेलं की टक्क्यामागं अर्धा किलो वाढवायचं, म्हणजे आपल्याला 31. तसा फार फरक नाही. पण अण्णांचं तोंड असं झालं की दोन मार्कांनी कुणीतरी नापास झालंय.

आणि घरात सध्या मार्कांचा विषय काढायचा नाही. भाच्याने 4 मेला नीट दिली, फिजिक्सने पार घाम काढला, आणि निकाल शनिवारी आहे. ताईने त्याला "हवा बदल" म्हणून इकडं पाठवलंय. हवा म्हणजे रात्री बारानंतर फुटबॉल.

काल नेशन्स लीगची फायनल होती, म्युनिकला, पोर्तुगाल आणि स्पेन. आपल्याकडं साडेबाराला सुरू. गच्चीवर भाचा, मी आणि शेजारचा रिअलवाला. त्याचं गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, दिवसभर तांब्याची तार गुंडाळतो आणि रात्री रिअल माद्रिदची बाजू. भाचा बार्साचा, तोही असा की यमालचं नाव कुणी वाकडं घेतलं तर जेवत नाही. मी आर्सेनलचा, म्हणजे होतो. 28 ऑगस्ट 2011 ला मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर आमचा कोच वेंगरच्या पोरांना 8-2 ने झोडपलं, आणि वर्षानुवर्षं "आमच्या पोरांवर विश्वास आहे" म्हणणाऱ्या त्या माणसाने पुढच्या तीन दिवसांत पाच जण आणले. सेस्क आणि नासरी क्लब सोडून गेल्याला महिनाही झाला नव्हता. तेव्हापासून कोच तरुणांवरच्या विश्वासाबद्दल बोलायला लागला की मी आधी क्लबच्या खिशात किती आहे ते बघतो.

सामना 2-2. सतरा वर्षांच्या यमालला नुनो मेंडेसने रात्रभर हलू दिलं नाही, आणि बरोबरीचा गोल केला चाळिशीच्या रोनाल्डोने. रिअलवाल्याला एवढं पुरे होतं. तिथून गाडी बार्साच्या कोचवर, फ्लिकवर आली.

त्याचं म्हणणं, फ्लिकने वर्षभर पोरांचं कौतुक करून घेतलं, पण चॅम्पियन्स लीग गेली ती पोरांमुळंच. इंटरविरुद्धचा दुसरा सामना. दोन गोल मागे पडून बार्सा 3-2 ने पुढे आलेली, मिनिटं उरलेली. इंटरच्या डम्फ्रिसने बार्साच्या जेरार्ड मार्तिनकडून चेंडू काढून घेतला, आत टाकला, आणि 37 वर्षांच्या अचेर्बीने, जो सेंटर बॅक आहे आणि ज्याचं तिथं काही काम नव्हतं, 93व्या मिनिटाला जाळ्यात मारला. "तिथं एक अनुभवी लेफ्ट बॅक विकत आणलेला असता तर?" रिअलवाला म्हणाला.

भाचा उठून बसला. "मामा, याला सांगा, त्याच मार्तिनने त्या दिवशी दोन गोलांचे पास दिले. एरिक गार्सियाला आणि ओल्मोला. ते कामून आठवत नाही?"

ते खरं आहे. मला ती रात्र वेगळ्याच कारणाने आठवते. 7 मेची पहाट. सामना संपून डोकं सुन्न होऊन झोपलो, आणि सकाळी सातला उठून मोबाईल बघतो तर सगळीकडं ऑपरेशन सिंदूर. आम्ही पहिला हाफ बघत होतो तेव्हाच ते घडलं होतं. दिवसभर अचेर्बीचं नाव कुणी काढलं नाही. भाच्याला खिजवायला रिअलवाल्याला महिना थांबावं लागलं, म्हणून काल एवढं साठलेलं.

मग भाच्याने हुकमाचं पान टाकलं, चार क्लासिको, म्हणजे बार्सा-रिअल सामने. 4-0, सुपर कपात 5-2, कोपा देल रेच्या फायनलला 3-2, मेमध्ये 4-3. "एम्बापे आणला ना तुम्ही? चारही हरलात. कोपा आमचा, ला लीगा आमची. आमच्या मध्यभागी कुबार्सी, अठराचा. उजवीकडं यमाल, सतराचा."

"आणि पुढं लेवांडोव्स्की कितीचा?"

भाचा गप्प. लेवांडोव्स्की 36 चा आहे आणि लीगमध्ये 27 गोल त्याचेच. राफिन्हाचे सगळे मिळून 34. दोघंही 2022 ला पैसे मोजून आणलेले. टेर स्टेगनचा गुडघा गेल्यावर गोलात उभा राहिलेला श्चेस्नी तर चक्क निवृत्त होऊन घरी बसला होता. म्हणजे पोरांच्या टीमचं पुढचं टोक आणि मागचं टोक, दोन्ही जुनं.

मला इथं बोलायचं होतं, पण लाईट गेली आणि वायफायही. भाच्याचा नेट पॅक सुरू करेपर्यंत मोरातानं पेनल्टी घालवलेली.

जे बोलायचं राहिलं ते इथं लिहितो. घरचं बी का विकतचं, हा वाद आमच्या घरात दर जूनला होतो, आणि अण्णा दरवेळी "घरच्या बियासारखं बी नाही" म्हणतात. म्हणतील नाही तर काय? गेल्या खरिपाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 होता, आणि मोंढ्यात चार हजारांच्या आसपास घातलं. आता बॅगा कुठून आणायच्या? हातात पैसा नसला की घरच्या बियावर श्रद्धा आपोआप बसते. फ्लिकचं वेगळं नाही. बार्सावर अब्जावर युरोंचं कर्ज, ला लीगाचे पगाराचे नियम मानेवर. ओल्मोला 2024 च्या ऑगस्टमध्ये आणला तर नोंदणीच होईना, कुणीतरी जखमी झाल्यावर त्याच्या जागेत बसवला, आणि जानेवारीत परत तोच घोळ. अशा क्लबात येऊन फ्लिक दुसरं काय म्हणणार होता? त्याचं मोठेपण असलं तर एवढंच की त्याने रड न करता शंभर दाणे मोजले आणि जे उगवले ते पेरले.

तो ओल्मो तरी काय चीज आहे बघा. बार्साच्याच अकादमीत, ला मासियात वाढला, सोळाचा असताना झाग्रेबला गेला, तिथून लायपझिग, आणि दहा वर्षांनी 55 दशलक्ष युरो मोजून तोच परत. आपलं सोयाबीन दिवाळीला मोंढ्यात घालायचं आणि जूनमध्ये त्यालाच लाल औषध चोळून शिवलेल्या थैलीत दुप्पट-तिप्पट भावाने घरी आणायचं. हे मी भाच्याला ऐकवलं तर तो तीन दिवस बोलणार नाही. एरिक गार्सिया निदान फुकट परत आला.

आता सगळ्यांना निको विल्यम्स हवाय. तो बिल्बाओचा. बिल्बाओ म्हणजे घरच्या बियाचं शेवटचं टोक, बास्क मातीतलाच खेळाडू घ्यायचा, बाहेरचा नाहीच. त्यांना 1984 नंतर कोपा मिळाला तो थेट 2024 ला. चाळीस वर्षं थांबले, पण एकदाही खालच्या विभागात गेले नाहीत. परभणीत एवढी कळ कोण काढणार? इथं एक हंगाम गेला की सोसायटीची नोटीस येते.

पण मला खरी धास्ती हार-जितीची नाही. सोयाबीनचं साल कांद्याच्या पापुद्र्यागत पातळ असतं. कट्टा उंचावरून टाकला, थप्पीत खाली दबला, मळणीयंत्र जोरात पळालं, की आतला गर्भ दुखावतो. वरून दाणा तसाच चकचकीत, पिवळाधमक. मातीत गेल्यावरच कळतं. अन्सू फाती सोळाचा असताना आला तेव्हा हाच भाचा, शाळकरी, त्याचा फोटो वहीवर चिकटवून फिरायचा. अठराव्या वर्षी गुडघा गेला, मग ऑपरेशनवर ऑपरेशन. पेद्रीला एका हंगामात क्लब आणि देश मिळून 73 सामने खेळवले, युरो झाल्या झाल्या ऑलिम्पिकला नेला, आणि पुढची दोन-तीन वर्षं त्याचे स्नायू फाटत राहिले. मार्क बेर्नाल सतराचा, गेल्या ऑगस्टमध्ये तिसऱ्याच सामन्यात गुडघा गेला आणि सगळं वर्ष बाहेर. यमालने अठरा पूर्ण व्हायच्या आत बार्सासाठी शंभर सामने ओलांडलेत. काल जादा वेळेत त्याला बाहेर काढला तेव्हा भाचा फ्लिकचा राग स्पेनच्या कोचवर काढत होता, आणि मला मनातून बरं वाटलं.

पेनल्ट्यांवर पोर्तुगाल 5-3. रिअलवाला नाचला. तेवढ्यात अण्णा लघवीला उठलेले, जिन्यातून डोकावले. स्क्रीनवर रोनाल्डो ढसाढसा रडत होता.

"हे कोण रडू लालंय?"

"रोनाल्डो, अण्णा. जिंकलं त्यांनी."

"जिंकल्यावर कामून रडतंय? म्हातारं झालंय काय?"

भाचा एकदाचा हसला.

तर आज सकाळचं. एकरी 31 किलो घालायचं ठरलं, बॅग आणायची नाही. मेमध्ये एवढा पडून गेला आणि मृग लागला तरी पुरेशी ओल होईपर्यंत तिफण बाहेर काढायची नाही, हेही ठरलं. आईने उगवलेले 68 टाकून न देता न्हाणीच्या पाटाकडेला लावून टाकले. उरलेले 32 अण्णांनी तळहातावर घेतले, एक नखाने सोलला. डाळ पिवळी, पण कोंब फुटायच्या जागी तपकिरी डाग, मोहरीएवढा. दुसरा सोलला, तसाच. तिसरा.

"मळणीवाल्याने यंत्र पळवलं," अण्णा म्हणाले. "मी म्हणत होतो त्याला."

मळणीवाल्याने यंत्र हळूच चालवलं होतं, मी तिथं उभा होतो. ते कट्टे 26 ऑक्टोबरला संध्याकाळी ट्रॉलीतून मी उतरवले. शनिवार होता. रात्री परभणीला मित्राच्या रूमवर क्लासिको बघायला पोचायचं होतं, शेवटची गाडी चुकत होती, आणि अण्णा घरात चहा पीत होते. खांद्यावर घेऊन खाली ठेवायला वेळ नव्हता. वरूनच ढकलले, एकामागून एक, फरशीवर.

बार्सा 4-0 जिंकली त्या रात्री. यमालचाही एक गोल होता.

अण्णांनी हात झटकला आणि दाणे कोंबड्यांना टाकले. मी पाटीवरच्या रेघा पुसल्या.