चार इंग्रजी शब्द आणि एकच 'कमी करणे'

वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. अवघड शब्दांचं पाठांतर बहुतेक वेळा असं सुरू होतं आणि इथेच फसतं. मिटिगेट, अलेव्हिएट, कर्टेल, अबेट या चौघांसमोर एकच अर्थ येतो: कमी करणे. तो चूक नाही, पण त्याच्या भरवशावर वाक्य लिहायला बसलं की कुठला शब्द कुठे घालायचा तेच कळत नाही.

मिटिगेट होते ती धोक्याची किंवा दुष्परिणामाची तीव्रता. पूर यायचा तो येतोच, त्याची झळ सौम्य होते. अलेव्हिएटची सोबत वेदना, दुःख, गरिबी यांच्याशी. त्याच्या मुळाशी लॅटिन 'लेव्हिस' म्हणजे 'हलका' आहे, त्यामुळे आपलं 'दुःख हलकं करणं' इथे चपखल बसतं. कर्टेल म्हणजे काटछाट: खर्चाला, अधिकारांना, लांबलेल्या दौऱ्याला. पूर्वी शेपूट छाटलेल्या घोड्याला कर्टल म्हणत, त्यावरून हा शब्द आला. तो घोडा एकदा डोळ्यांसमोर उभा राहिला की अर्थ पक्का होतो. अबेट मात्र बहुधा आपोआप घडतं. वादळ शमतं, ताप उतरतो, राग ओसरतो.

मराठीत इतकी नेमकी क्रियापदं असताना 'कमी करणे' लिहून थांबणं म्हणजे स्वतःचंच नुकसान आहे.

वहीऐवजी प्रत्येक शब्दाचं दोन बाजूंचं कार्ड (फ्लॅशकार्ड) करा. पुढच्या बाजूला सुटा शब्द नको, रिकामी जागा असलेलं वाक्य हवं: 'द गव्हर्नमेंट हॅड टू ____ इट्स स्पेंडिंग.' मागे शब्द, नेमकं मराठी क्रियापद, सोबत येणारी दोन-तीन नामं आणि उच्चार. उच्चार शब्दकोशातला आवाज ऐकूनच लिहा, स्पेलिंगवरून अंदाजाने नको. 'एपिटोम' नव्हे, इपिटमी. 'हायपरबोल' नव्हे, हायपर्बली. जोर येतो त्या अक्षराखाली रेघ मारा: इपिटमीत 'पि'खाली.

उजळणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने 1885 मध्येच दाखवलं होतं, म्हणून पहिल्या दोन फेऱ्या चुकवायच्या नाहीत. उत्तर चुकलं की ते कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर.

आता हिशेब बघा. रोज 20 नवे शब्द घेतले, तर महिन्याभरात रोजच्या उजळणीची 100 कार्डं होतात. बहुतेकांचा उत्साह इथेच मावळतो. रोज 6 घेतले तर 30 कार्डं, ती सहज होतात.

आणखी एक चूक फार दिसते: समानार्थी शब्दांची यादी एका बैठकीत पाठ करणं. शब्द नवे असताना ते एकमेकांत मिसळतात आणि परीक्षेत नेमका शेजारचा आठवतो. जवळच्या अर्थाच्या दोन शब्दांत निदान आठवड्याचं अंतर ठेवा.

शब्दाचा सूरही कार्डावर हवा. नोटोरियससमोर नुसतं 'प्रसिद्ध' लिहिलं, तर एखाद्या मान्यवराच्या परिचयात आपण त्यांना कुख्यात म्हणून बसतो.

वरचे चारही शब्द वेगवेगळे पक्के झाले की मगच ते शेजारी आणा. एकच परिच्छेद लिहा, चार रिकाम्या जागा ठेवा आणि दोन दिवसांनी स्वतःच भरा. जिथे पेन अडखळेल, त्या शब्दासाठी नवं वाक्य लिहून नवं कार्ड करा.