तुम्ही विचारलंत म्हणून: बातमी पहाऱ्यापलीकडे जायची कशी?

अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिणेकडच्या राज्यांमधल्या यादवी युद्धात (१८६१–६५) हेरगिरी करणाऱ्या बायका अधिकाऱ्यांना भुलवून गुपितं काढायच्या ना, असं हमखास विचारलं जातं. खरं तर बातमी मिळणं त्यातल्या त्यात सोपं होतं. तोफा रस्त्यावरून जाताना दिसत, अधिकारी जेवताना बोलत. जीव पणाला लागायचा तो ती बातमी वेळेत पोचवताना.

दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडमध्ये राहून उत्तरेसाठी काम करणाऱ्या एलिझाबेथ व्हॅन ल्यू यांची पद्धत बघा. सहा बाय सहाचा चौकोन, म्हणजे ३६ घरं: इंग्रजीची २६ अक्षरं आणि १० अंक, मुद्दाम उलटसुलट पेरलेले. आडव्या ओळीचा एक आकडा, उभ्या रांगेचा एक. दोन आकडे मिळून एक अक्षर. दोष उघड आहे. तेच अक्षर दर वेळी त्याच जोडीने येतं, त्यामुळे पुरेसा मजकूर हाती लागला की जोड्या मोजून लिपी फुटते. म्हणून चिठ्ठी छोटी ठेवायची आणि मुळात सापडूच द्यायची नाही. टोपलीभर अंड्यांत एक पोकळ अंडं, किंवा नोकराच्या बुटाचा तळ. ही ने-आण बरीचशी कृष्णवर्णीय नोकर करत, आणि त्यांतल्या फार थोड्यांची नावं उरली, याचं वाईट वाटतं. युद्धानंतर व्हॅन ल्यू यांनी सरकारकडून आपले कागद मागून घेऊन नष्ट केले. चौकोन मात्र मरेपर्यंत घड्याळाच्या डबीत जपला.

वॉशिंग्टनमध्ये दक्षिणेसाठी हेरगिरी करणाऱ्या रोझ ग्रीनहाउ यांनी कागद घरातच ठेवले होते. ऑगस्ट १८६१ मध्ये अटक झाली तेव्हा सांकेतिक मजकुराचे तुकडे उत्तरेचे गुप्तहेर पिंकर्टन यांच्या माणसांना सापडले.

सगळ्यात नेटकी कामगिरी दक्षिणेच्या ताब्यातल्या विंचेस्टर गावची, सप्टेंबर १८६४ मधली. टॉम लॉज या कृष्णवर्णीय भाजीविक्रेत्याकडे गावात यायचा परवाना होता. उत्तरेचे जनरल शेरिडन यांची चिठ्ठी पातळ कागदावर लिहून, चांदीसारख्या वर्खात गुंडाळून त्याने तोंडात धरली. वर्खामुळे थुंकीने शाई पसरत नाही, आणि झडती झालीच तर गिळता येते. शिक्षिका रेबेका राइट यांनी उत्तर दिलं: दक्षिणेच्या सैन्याची एक तुकडी आणि तोफा इथून गेल्या आहेत. तिसऱ्या दिवशी, १९ तारखेला शेरिडन यांनी हल्ला करून लढाई जिंकली.

१८६७ मध्ये त्यांनी राइट यांना कृतज्ञतेने सोन्याचं घड्याळ पाठवलं. त्यातूनच गावाला गुपित कळलं आणि राइट कुटुंबावर बहिष्कार पडला. शेवटी त्यांना वॉशिंग्टनला जाऊन कोषागार खात्यात नोकरी धरावी लागली.