वाटेत खाल्लेली श्रीलंका

श्रीलंका हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा आहे. त्यामुळे नकाशा पाहून तिथल्या प्रवासाचा हिशेब करणाऱ्याला वाटते की सकाळी कोलंबोत चहा घेऊन निघावे आणि दुपारच्या जेवणाला डोंगरात पोहोचावे. प्रत्यक्षात घाटरस्ते, गावोगावचे बाजार, शाळा सुटल्याची गर्दी आणि आपल्याच चालीने चालणाऱ्या आगगाड्या मिळून या छोट्या बेटाला चांगले ऐसपैस करून टाकतात, आणि भूक लागते ती नेमकी दोन मुक्कामांच्या मधे. तिथल्या लोकांनी हे केव्हाच ओळखले असावे, कारण त्या देशातले उत्तम अन्न मला मुक्कामाच्या ठिकाणी क्वचितच मिळाले आणि वाटेत मात्र सतत मिळत गेले.

कोलंबोहून कँडीकडे जाणारा जुना रस्ता याचा पहिला पुरावा ठरावा. पस्यालजवळ कजुगम नावाचे गाव लागते. तिथे रस्त्याच्या कडेला ओळीने टपऱ्या असून रंगीत कपडे ल्यालेल्या बाया साधे, भाजलेले आणि तिखट लावलेले काजू विकत असतात. पुढे वरकापोलला तिळाचे आणि गुळाचे, कागदात गुंडाळलेले वळकटीसारखे छोटे लाडू मिळतात; त्यांना तलगुली म्हणतात. संक्रांतीच्या तीळगुळावर वाढलेल्या माणसाला ते अनोळखी वाटत नाहीत, फक्त ते वर्षभर मिळतात याचा हेवा वाटतो. मालवाना गावचे रांबुतान, कलुतरचे मँगोस्टीन, ठिकठिकाणी टांगलेल्या केशरी शहाळ्यांचे घड, अशी त्या त्या टापूची वस्तू ठरलेली असते. चालकही त्या गावाआधी गाडी थांबवत नाही. अलीकडे तेच फळ दिसले तरी मान हलवून पुढे जातो.

कँडीहून डोंगरात जाणाऱ्या आगगाडीची छायाचित्रे आता सर्वांनी पाहिलेली आहेत. कँडीपर्यंतचा लोहमार्ग १८६७ मध्ये झाला, तो मुख्यतः कॉफी बंदरात उतरवण्यासाठी. त्याच वर्षी जेम्स टेलर या स्कॉटिश मळेवाल्याने लूलकंदुरा येथे एकोणीस एकरांत चहा लावला. दोनच वर्षांनी कॉफीवर तांबेरा पडला, मळे बसले आणि कॉफीसाठी आखलेल्या मार्गाला पुढे चहाची वाहतूक मिळाली. मार्ग बदुल्लापर्यंत पोहोचायला १९२४ साल उजाडले. मधले पट्टिपोल हे स्थानक सुमारे १८९० मीटर उंचीवर आहे आणि तिथे दुपारीही अंगावर शाल घ्यावीशी वाटते. मळ्यांत पाने खुडणाऱ्या बाया बहुतेक तमिळ. ब्रिटिशांनी त्यांच्या पूर्वजांना दक्षिण भारतातून मजुरीसाठी आणले आणि स्वातंत्र्यानंतर त्यांपैकी बहुसंख्यांना नागरिकत्वासाठी दशकानुदशके ताटकळावे लागले. खिडकीतून हिरवे उतार पाहताना हे ठाऊक असलेले बरे.

दारात लोंबकळून छायाचित्रे काढणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत जो माणूस डोक्याएवढी टोपली सांभाळत येतो, तो या प्रवासाचा खरा मानकरी होय. त्याच्या टोपलीत इस्सो वडे असतात, म्हणजे डाळीच्या चपट्या वड्यावर सबंध कोळंबी दाबून तळलेली. शिवाय मोहरी, कढीपत्ता, सुकी मिरची आणि खोबऱ्याचे तुकडे घालून परतलेले हरभरे असतात. हे सारे तो वहीच्या रद्दी पानांच्या पुडीत बांधून देतो. माझ्या पुडीवर कोणा विद्यार्थ्याची त्रैराशिके होती आणि त्यांतले एक शिक्षकांनी चुकीचे ठरवले होते. चहाच्या देशात गाडीतला चहा मात्र बेताचाच होता, कारण उत्तम पान बहुतांशी परदेशी जाते. याच मार्गावरच्या एल्ला गावाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. नऊ कमानींचा १९२१ सालचा दगडविटांचा पूल देखणा आहे, परंतु गावातली उपाहारगृहे जगातल्या कुठल्याही पर्यटनस्थळी मिळते तेच पॅनकेक खाऊ घालतात.

दुपारचे जेवण हा मात्र सावकाश सांगण्याचा विषय आहे. रस्त्याकडेच्या साध्या खानावळीत मातीची मडकी ओळीने मांडलेली असतात. ताटात तांबड्या भाताचा ढीग पडतो आणि त्याभोवती नारळाच्या रसातली मसुराची डाळ, एखादी फळभाजी, कोवळ्या फणसाची काळपट पोलोस, खवलेल्या खोबऱ्यात जेमतेम वाफवलेल्या पालेभाजीची मल्लुम, पापड आणि पोल सांबोल येते. सांबोल म्हणजे ओले खोबरे, लाल मिरची, छोटा कांदा आणि लिंबू एकत्र रगडून केलेली चटणी. नारळाचा पातळ रस आधी शिजवायचा आणि जाड रस शेवटी घालून भांडे उतरवायचे, ही रीत कोकणातल्या कोणत्याही घरी सांगावी लागणार नाही. निराळेपणा येतो तो काळपट भाजलेल्या मसाल्यामुळे, रंपे या केवड्याच्या कुळातल्या वनस्पतीच्या हिरव्या पात्यामुळे आणि उंबलकड नावाच्या वाळवलेल्या माशामुळे. हा मासा लाकडासारखा टणक असतो आणि त्याचा चुरा सांबोलपासून भाजीपर्यंत कुठेही पडतो. शाकाहारी प्रवाशाने म्हणूनच मासे नकोत एवढेच सांगून थांबू नये, उंबलकडचे नाव घेऊन विचारावे. वाढणाऱ्या बाईंना ‘अक्के’ म्हणून हाक मारली की त्या खरे उत्तर देतात आणि न विचारता भातही पुन्हा वाढतात.

फणसाची एक हकिकत या ताटाला जोडलेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी आर्थर व्ही. डायस नावाच्या गृहस्थांनी देशभर फणस लावण्याची मोहीम चालवली, ती लोकांवर उपासमारीची वेळ येऊ नये या हेतूने. लोक त्यांना ‘कोस मामा’ म्हणू लागले. कोस म्हणजे फणस, आणि मामा म्हणजे मामाच. २०२२ च्या आर्थिक संकटात इंधनासाठी रांगा लागल्या आणि तांदूळ महागला, तेव्हा अनेक घरांना परसातल्या फणसांनी हात दिला. आपल्याकडे फणस म्हटला की गऱ्यांचीच चर्चा अधिक होते. तिथे तो पोट भरणारे अन्न म्हणून मानाने ताटात येतो.

आपल्याकडचे काही प्रवासी गट सोबत आचारी घेऊन तिथे जातात. सीता एलियाच्या मंदिरात हात जोडून झाले की बसपाशी पोहे आणि शिरा तयार असतो. घरच्या चवीची ओढ मला कळते, पथ्याची अडचणही कळते; पण इतक्या जवळच्या चुलत स्वयंपाकाला टाळण्यासाठी इतका खटाटोप का करावा, हे मात्र अजून कळलेले नाही.

दक्षिणेच्या किनाऱ्यावर हे चुलतेपण आणखी स्पष्ट होते. ॲम्बुल तियल या पदार्थात कुपा म्हणजे ट्यूनासारख्या माशाच्या तुकड्यांना वाटलेला गोरका आणि मिरपूड चोपडून, मातीच्या भांड्यात पाणी पार आटेपर्यंत शिजवतात. गोरका हे कोकमाच्याच कुळातले फळ असून वाळल्यावर काळेभोर होते. आंबटपणामुळे हा मासा शीतकपाटाशिवाय काही दिवस टिकतो. समुद्रावर जाणाऱ्यांच्या सोयीचा असा हा पदार्थ मला गॉलच्या डच तटबंदीतल्या महागड्या जेवणापेक्षा कितीतरी चढ वाटला. पूर्वेकडे तिस्समहारामच्या बाजूला वळले की म्हशीच्या दुधाचे दही पसरट मडक्यांत टांगलेले दिसू लागते. त्यावर कितुलच्या रसाची काकवी ओततात. कितुल म्हणजे आपला भेर्ली माड, ज्याच्या झावळ्या कोकणात मांडवाच्या शोभेला लावतात. त्या काकवीला किंचित धुराचा वास असतो आणि दही इतके घट्ट की मडके तिरके केले तरी जागचे हलत नाही.

रात्रीची कोत्तु हा निराळाच प्रकार आहे. रोटीचे तुकडे, भाज्या, अंडे आणि रस्सा तव्यावर टाकून दोन लोखंडी पात्यांनी ठोकत एकजीव करतात आणि तो ठोका दोन गल्ल्या आधी ऐकू येतो. त्यावर चीज घालण्याची अलीकडची पद्धत मला मान्य नाही.

उत्तरेला जाफनाचा लोहमार्ग युद्धामुळे १९९० पासून बंद होता. भारताच्या मदतीने तो पुन्हा बांधला गेला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये गाडी जाफनाला पोहोचली. तिथे नारळाची जागा ताड घेतो. ताडाच्या कोवळ्या कोंबांचे पीठ, खेकडे, कोळंबी, मासे, फणसाच्या आठळ्या आणि चिंच असे सारे एकत्र शिजवून केलेले कूल हे पातळ, तिखट पेय म्हणावे की जेवण, यावर निर्णय न करता मी दुसरे वाडगे मागितले.

मे महिन्यातल्या वेसाक, म्हणजे बुद्ध पौर्णिमेला प्रवास केला, तर वाटेतल्या खाण्याची ही परंपरा टोकाला गेलेली पाहायला मिळते. गल्लीतली मंडळी, कार्यालये, कुटुंबे रस्त्याकडेला मांडव घालून येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट खाऊ घालतात. यालाच दन्सल म्हणतात. पोरे हातात झेंडे घेऊन गाड्या अडवतात आणि कोण कुठला याची चौकशी न करता पाहुण्याला रांगेत उभे करतात. कुठे भात, कुठे साबुदाण्याचा कंद उकडून त्यावर कांदामिरचीचे लुनुमिरिस, कुठे सुंठ घातलेली कॉफी. आइस्क्रीमच्या दन्सलची रांग सर्वांत लांब होती आणि आमचे चालक तीत दोनदा उभे राहिले. मुक्कामी आगाऊ पैसे भरून ठेवलेले रात्रीचे जेवण आम्ही कोणीच जेवलो नाही.