हद्दीवरची वही

आमच्या बेटावरच्या भूसंवर्धन संस्थेची वार्षिक पाहणी नोव्हेंबरमध्ये आणि शक्यतो रविवारीच होते. अमेरिकेच्या मेन राज्यात रविवारी शिकारीला कायद्याने बंदी आहे, आणि हरणांच्या शिकारीचा हंगाम ऐन भरात असताना रानात शिरून हद्दीच्या खुणा शोधायच्या असतील तर निर्धास्तपणे फिरता येईल असा तोच एक वार उरतो. तरीही आम्ही भडक नारिंगी जाकिटे घालतो आणि गोचिडी चढू नयेत म्हणून विजारीची टोके मोज्यांत खोचून घेतो. पानगळ झालेली असल्यामुळे एरवी झाडीत लपलेल्या दगडी कुंपणांच्या रांगा या दिवसांत दूरवरून दिसतात. कोणी नवी पायवाट पाडली असेल, कोणी समुद्र दिसावा म्हणून झाडे छाटली असतील, तर तेही दिसते. आमच्या तुकडीत सहसा तिघे असतात: जमिनींची देखभाल पाहणारी पगारी कर्मचारी, गेली वीसहून अधिक वर्षे हे काम करणारे एक निवृत्त स्वयंसेवक आणि नोंदी लिहिणारी मी.

या कामाची फारशी माहिती नसणाऱ्यांसाठी थोडे सांगते. अशा संस्था दोन प्रकारे जमीन राखतात. काही जमीन त्या विकत घेतात किंवा देणगी म्हणून स्वीकारतात, म्हणजे मालकी संस्थेकडे येते. दुसऱ्या प्रकारात मालकी मूळ कुटुंबाकडेच राहते, पण त्या जमिनीवर काय करायचे नाही, उदाहरणार्थ तिचे तुकडे पाडायचे नाहीत, ठरलेल्या जागेबाहेर घरे बांधायची नाहीत, याचा कायमस्वरूपी करार ते कुटुंब संस्थेशी करते. याला इकडे 'कॉन्झर्वेशन ईझमेंट' म्हणतात. हा करार त्या माणसाशी नसून जमिनीशी जोडलेला असतो, त्यामुळे उद्या ती जमीन विकली गेली तरी नव्या मालकावर तो तितकाच बंधनकारक असतो. मेनच्या कायद्याप्रमाणे अशा प्रत्येक जमिनीची किमान तीन वर्षांतून एकदा पाहणी करावी लागते, आणि लँड ट्रस्ट ॲक्रेडिटेशन कमिशनची मान्यता हवी असलेल्या संस्थांना ती दर वर्षी करावी लागते. करार होतो त्या वेळी जमिनीची स्थिती नकाशे, छायाचित्रे आणि वर्णनासह एका अहवालात नोंदवलेली असते, आणि नंतरची प्रत्येक पाहणी त्या अहवालाशी ताडून पाहायची असते. आमच्या नोव्हेंबरच्या फेऱ्यांचे सारे प्रयोजन एवढेच आहे.

'कायमस्वरूपी' हा शब्द करारात लिहायला फारच सोपा आहे. तो पाळणारी माणसे मात्र म्हातारी होतात, बेट सोडून जातात, थकतात आणि त्यांच्या स्मरणातले तपशील त्यांच्याबरोबर जातात. अशी संस्था चालवणाऱ्यांचे खरे काम जमीन मिळवण्यापेक्षा आपल्यामागून येणाऱ्याला ती राखता येईल अशी व्यवस्था उभी करणे हे आहे, असे माझे सात वर्षांच्या अनुभवातून बनलेले मत आहे.

बेटावर या कामाला एक वेगळीच धार येते, कारण येथे अनोळखी असे कोणी नसते. तीन वर्षांपूर्वी एका करारबद्ध जमिनीच्या नव्या मालकाने किनाऱ्यालगतची स्प्रूसची झाडे तोडून खिडकीसमोरचा समुद्र मोकळा केल्याचे आमच्या पाहणीत आढळले. मुख्य भूमीवर अशा वेळी वकिलाचे पत्र गेले असते आणि पुढचे सारे कागदोपत्री झाले असते. आमच्याकडे तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीबोटीत आमच्या देखभाल अधिकारी बाईंच्या शेजारच्या बाकावर बसला होता, आणि त्याची मुले ज्या शाळेत जात होती त्याच शाळेत आमच्या अध्यक्षांची पत्नी शिकवत होती. विश्वस्तांपैकी काहींना वाटले की प्रकरण गोडीने मिटवावे, म्हणजे पुढच्या वर्षी पाहू असे म्हणून सोडून द्यावे. त्या बैठकीत आमच्या अधिकारी बाईंनी आवाज न चढवता एक गोष्ट मांडली. या वेळी आपण नोंद न करता सोडले तर उद्या दुसऱ्या मालकाने हाच दाखला दिल्यावर आपल्याला उत्तर उरणार नाही, आणि ज्या बाईंनी ही जमीन तिच्या हयातीत आपल्या स्वाधीन केली तिला आपण दिलेला शब्द आपणच मोडलेला असेल, असे त्या म्हणाल्या. अखेर लेखी नोटीस गेली, पण ती पोचवायला अध्यक्ष स्वतः गेले, दोन तास बसले आणि पुनर्लागवडीचा आराखडा ठरवूनच परतले. आज तेथे गुडघ्याएवढी रोपे आहेत, आणि दर नोव्हेंबरला त्यांची मोजणी माझ्या वहीत होते.

स्वयंसेवक आणि पगारी कर्मचारी यांचे नाते कसे असावे, हे मला त्या प्रसंगातून जितके कळले तितके कोणत्याही प्रशिक्षणातून कळले नाही. नोटिशीचा आग्रह कर्मचाऱ्याने धरायचा होता, कारण करारातील कलमे, आधीच्या नोंदी आणि कायद्याची बाजू तिला ठाऊक होती. ती नोटीस घेऊन दारात मात्र अशा माणसाने जायचे होते, ज्याला या कामाचा पैसा मिळत नाही आणि जो स्वतः त्या बेटाचा चाळीस वर्षांचा रहिवासी आहे. या दोन बाजूंची अदलाबदल झाली की संस्था बिघडते. विश्वस्त रोजच्या कामात ढवळाढवळ करू लागले, म्हणजे कोणत्या वाटेवर कोणता फलक लावायचा येथपासून निर्णय घेऊ लागले, की चांगले कर्मचारी टिकत नाहीत. याउलट कर्मचाऱ्यांनी सगळेच आपल्या अंगावर घेतले आणि विश्वस्त मंडळ तिमाही बैठकीत माना डोलावण्यापुरते उरले, की गावाचा संस्थेशी असलेला संबंध सुटत जातो. मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत आणि दुसरा अधिक घातक मानते, कारण तो बराच काळ लक्षातच येत नाही.

या कामाची मुळे शोधायची तर आमच्या बेटापासून फार दूर जावे लागत नाही. मेनच्याच किनाऱ्यावर माऊंट डेझर्ट नावाचे मोठे बेट आहे. चार्ल्स एलियट या तरुण भूदृश्य-वास्तुकाराने 1890 च्या सुमारास असा विचार मांडला होता की जशी ग्रंथालये पुस्तके आणि संग्रहालये चित्रे लोकांसाठी सांभाळतात, तशीच निसर्गरम्य स्थळे सांभाळणारी विश्वस्त संस्था असावी, आणि त्यातून 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये अशी संस्था स्थापन झाली. तो 1897 मध्ये वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारला. त्याचे वडील चार्ल्स विल्यम एलियट हे हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष होते. मुलाचे लेखन वाचताना मेनच्या किनाऱ्याविषयीची त्याची चिंता त्यांच्या मनात घर करून राहिली, आणि 1901 मध्ये त्यांनी माऊंट डेझर्टवरच्या मंडळींना एकत्र बोलावून 'हँकॉक काउंटी ट्रस्टीज ऑफ पब्लिक रिझर्वेशन्स' ही संस्था उभी केली. गेलेल्या मुलाचे अपुरे काम बापाने पुढे न्यावे, ही गोष्ट मी कितीदा वाचली तरी मला हलवून जाते.

त्या संस्थेचा खरा कणा ठरले जॉर्ज डॉर. पहिली काही वर्षे देणग्या जवळजवळ आल्याच नाहीत. 1908 मध्ये एलायझा होमन्स या बाईंनी बीहाइव्ह नावाचा डोंगर आणि त्याच्या जवळचे तळे संस्थेला दिले, आणि तेथून डॉर यांनी एकेक डोंगर, एकेक झरा मिळवण्याचा ध्यास घेतला. 1913 मध्ये संस्थेची सनदच रद्द करावी असा प्रस्ताव राज्याच्या विधिमंडळात आला. डॉर यांनी ऑगस्टा या राजधानीत जाऊन तो हाणून पाडला, पण परतताना त्यांच्या लक्षात आले की आज वाचलो तरी उद्याचा भरवसा नाही, आणि ही जमीन संघराज्य सरकारच्या हाती सोपवल्याखेरीज ती सुरक्षित राहणार नाही. ते वॉशिंग्टनला गेले तेव्हा त्यांना सांगण्यात आले की जमिनीच्या मालकीची कागदपत्रे आणि हद्दी आधी निर्दोष करून आणा. त्या कामात त्यांची सुमारे दोन वर्षे गेली. देणगी मिळवण्याच्या थरारक कथा लोक सांगतात, पण मला डॉर यांची ती दोन वर्षे अधिक मोलाची वाटतात, कारण जुनी खरेदीखते जुळवत, सीमा पुन्हा मोजत काढलेल्या त्या काळावरच पुढचे सगळे उभे राहिले. 8 जुलै 1916 रोजी तेथे राष्ट्रीय स्मारक जाहीर झाले, 1919 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान बनले, मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील आज टिकून असलेल्या उद्यानांपैकी पहिले, आणि 1929 मध्ये त्याला अकेडिया हे आजचे नाव मिळाले. स्वयंसेवक म्हणून आरंभ केलेले डॉर त्याचे पहिले अधिकारी झाले, आणि सुरुवातीला त्यांचे वेतन महिन्याला एक डॉलर एवढेच होते. वडिलोपार्जित संपत्तीचा बहुतेक भाग याच कामात खर्चून, दृष्टी जवळपास गमावलेल्या अवस्थेत, 1944 मध्ये ते वारले.

डॉर यांच्याविषयीचा आदर मनात ठेवूनही मी हे म्हणेन की आजच्या संस्थांनी डॉर शोधत बसू नये. सगळे एका माणसाच्या संपत्तीवर आणि हट्टावर चालावे, ही त्या काळाची गरज होती. ऱ्होड आयलंडमधील ब्लॉक आयलंडची वाटचाल मला अधिक अनुकरणीय वाटते. तेथे रॉडमन्स हॉलो या हिमनदीच्या काळात घडलेल्या खोलगट भूमीवर घरे उठण्याचा धोका निर्माण झाला, तेव्हा रॉब लुईस या निवृत्त कप्तानांनी शेजाऱ्यांना जमवून 1972 मध्ये ब्लॉक आयलंड कॉन्झर्वन्सी स्थापन केली. आरंभ एका माणसाचा असला तरी काम एका माणसापाशी थांबले नाही. 1986 मध्ये गावाने स्वतःचा भूमी न्यास निर्माण केला आणि त्यासाठी स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांवर शुल्क लावले. जमिनीला भाव चढतो तेव्हाच ती वाचवण्यासाठीचा पैसाही वाढतो, अशी ही योजना आहे. मॅसॅच्युसेट्समधील नॅन्टकेट बेटाने 1983 मध्येच दोन टक्के शुल्काने याची वाट घालून दिली होती. आज ब्लॉक आयलंडची चाळीस टक्क्यांहून अधिक भूमी राखीव आहे, आणि मेलेले पक्षी व उंदीर जमिनीत पुरून त्यांवर पिल्ले वाढवणारा दुर्मीळ 'बरीइंग बीटल' तेथे अजून नांदतो आहे.

या यशाची एक कडू बाजूही आहे आणि ती लपवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. बेटावर जमीन मोजकीच असते. त्यातली जितकी राखीव होते तितकी उरलेली महाग होते, आणि त्याचा चटका आधी मासेमार कुटुंबांना, शिक्षकांना आणि खुद्द आमच्या कर्मचाऱ्यांना बसतो. आमच्या यापूर्वीच्या देखभाल अधिकाऱ्याने नोकरी सोडली ती पगारामुळे नव्हे. हिवाळ्यात भाड्याने मिळालेले घर दर जूनमध्ये पर्यटकांसाठी रिकामे करून देण्याला तो आणि त्याची बायको कंटाळली होती. संवर्धन आणि परवडणारी घरे यांच्यात एकाचीच निवड करायची असते, हे मला पटत नाही. एखादे शेत मिळते तेव्हा रस्त्यालगतचा, आधीच मोडलेला तुकडा घरांसाठी बाजूला काढून बाकीचे रान राखता येते. आमच्या मंडळात यावर दोन वर्षे वाद झाला, काही जुने देणगीदार दुखावले, आणि शेवटी एका जमिनीबाबत आम्ही तसे केले. मी त्या ठरावाच्या बाजूने मत दिले होते आणि आजही देईन.

स्वयंसेवकांच्या कामाविषयी बाहेर एक समज असतो की ते वर्षातून एकदा हातमोजे घालून तण उपटायला येतात. ओरिएंटल बिटरस्वीटच्या वेली आणि जपानी बार्बेरीची झुडपे उपटणे हे खरोखरच मोठे काम आहे, कारण पहिली झाडांचा गळा आवळते आणि दुसरीच्या दाट सावलीत गोचिडी फोफावतात. पण आमच्या कोषाध्यक्षा प्रत्येक नव्या करारापूर्वी न चुकता एकच प्रश्न विचारतात, तो मला कोणत्याही श्रमदानाइतकाच मोलाचा वाटतो. ही जमीन पुढची शंभर वर्षे पाहायला, आणि वेळ आली तर न्यायालयात लढायला लागणारा निधी कोठून येणार, असे त्या विचारतात. उत्तर नसेल तर करार पुढे ढकलला जातो, मग जमीन कितीही सुंदर असो. पहिल्या वर्षी मला त्यांचा राग येत असे.

या वर्षअखेरीस आमच्या कार्यकारी संचालिका निवृत्त होत आहेत, आणि त्याच सुमारास ते वीस वर्षांचे स्वयंसेवकही गुडघ्यांमुळे फेऱ्या थांबवणार आहेत. म्हणून या नोव्हेंबरच्या फेऱ्या आम्ही मुद्दाम संथ केल्या. उत्तरेकडच्या एका जमिनीच्या कोपऱ्यातील लोखंडी खूण शेवाळाखाली इतकी दडलेली आहे की नकाशा हातात असूनही ती सापडत नाही. त्यांना मात्र ती ठाऊक आहे, कारण दुभंगलेल्या ग्रॅनाइटच्या खडकापासून ओढ्याच्या दिशेने अकरा पावलांवर ती आहे. ते खडकापाशी उभे राहिले, नव्या कर्मचारी मुलीला त्यांनी स्वतः पावले मोजायला लावली, आणि तिची पावले त्यांच्यापेक्षा लहान असल्यामुळे खूण तेराव्या पावलाला लागली. मी वहीत दोन्ही आकडे लिहिले, मग टेप लावून मीटरमधले अंतर लिहिले, आणि तिने खुणेवरचे शेवाळ खरवडून छायाचित्र घेतले.