नीत्शे, मनू आणि दीक्षाभूमी

रविवार, रात्र

जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या १८८७ सालच्या ‘नीतीची वंशावळ’मधला पहिला निबंध आज वाचून झाला. त्याचं म्हणणं असं, की ‘चांगलं’ हा शब्द आधी बलवानांनी स्वतःसाठीच वापरला. दुबळ्यांना उघड बदला घेता येईना, मग त्यांनी मनातल्या मनात सूड उगवला. बलवानाला दुष्ट ठरवलं आणि स्वतःच्या लाचारीला नम्रता, क्षमा अशी गोंडस नावं दिली. वाचताना संताप येतो, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. अमुक नीतीनं कोणाचं फावतं, हा प्रश्न इतक्या बेधडकपणे विचारणारे थोडेच.

आणि पुढच्याच वर्षी हाच माणूस मनूवर भाळतो! जाकोलियो नावाच्या फ्रेंच लेखकाचं मनुस्मृतीचं बेभरवशाचं भाषांतर त्याच्या हाती लागलं. चांडाळांनी पाणी घ्यायचं ते दलदलीच्या कडेचं, नाहीतर जनावरांच्या पावलांनी पडलेल्या खड्ड्यांतलं, हे नियम त्यानं त्यातून उतरवून घेतले. ते मनाला झोंबतात, हेही लिहिलं. तरीसुद्धा ‘अँटीख्रिस्ट’ या आपल्या पुस्तकामध्ये जातींच्या उतरंडीला त्यानं निसर्गाचाच कायदा म्हटलं. महाडचं चवदार तळं माहीत असलेल्या माणसाचा त्या पाण्याच्या ओळीपाशी पाय अडतोच.

बाबासाहेबांनी हे सगळं तपासलं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या लिखाणात नीत्शे आणि मनू शेजारी-शेजारी उभे आहेत. नीत्शेचा श्रेष्ठ माणूस निदान गुणांनी श्रेष्ठ, मनूचा नुसता जन्मानं, हा फरक ते नोंदवतात. ज्याचं पटत नाही त्यालाही त्याचं माप पुरेपूर द्यायचं, ही वाचायची रीत मला फार मोलाची वाटते.

मग नीत्शेचंच माप नागपूरला लावून पाहिलं. १४ ऑक्टोबर १९५६ला इथे लाखोंनी दीक्षा घेतली, त्यात मनातला सूड किती? बावीस प्रतिज्ञांपैकी सुरुवातीच्या नकाराच्या आहेत, खरंय. पण पुढे अष्टांगिक मार्गानं चालेन, सगळी माणसं समान मानीन, चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही. या माणसांनी आपली मूल्यं स्वतः निवडली आणि भर मैदानात, मोठ्यानं उच्चारली. नीत्शेनं हे बळ मोजक्या थोरांपुरतं राखून ठेवलं होतं. तिथेच तो चुकला, असं माझं ठाम मत आहे.

गेल्या दसऱ्याला दीक्षाभूमीबाहेर पुस्तकांच्या दुकानापाशी पांढऱ्या लुगड्यातल्या एक आजी एकेक पुस्तक उलटून पाहत होत्या. अक्षर बारीक दिसलं की परत ठेवायच्या. दुकानदारानं विचारलं तर म्हणाल्या, “मले वाचता येत नाई, पोट्टी वाचते मले.” पैसे पदराच्या गाठीतून निघाले. त्या गर्दीत नीत्शेला उभं करून हे दाखवावंसं वाटलं.

सतराव्या प्रतिज्ञेवर, दारू न पिण्याच्या, मात्र त्याचं बाबासाहेबांशी जमलं असतं. दारू आणि ख्रिस्ती धर्म ही युरोपची दोन मोठी गुंगीची औषधं, असं त्यानं १८८८मध्येच लिहिलंय.