मखमली पडद्याची मडम

रंगीत तालमीला चार दिवस उरले होते. भाड्याने आणलेला गाऊन घालून मडमेचं काम करणारी मुलगी समोर आली आणि मी नि दिग्दर्शक दोघंही गप्प झालो. चकचकीत नेट, त्यावर टिकल्या. आमची एकांकिका २२ जून १८९७ च्या रात्रीची. व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसमधून (तीच आज विद्यापीठाची मुख्य इमारत) एक मडम घरी येते आणि प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडल्याची बातमी तिच्या कानावर पडते. पुण्यात प्लेगने घरंच्या घरं रिकामी झाली होती त्याच वर्षी. तिच्या कपड्यांची श्रीमंती प्रेक्षकाला खुपली पाहिजे. टिकल्यांनी ते कसं होणार?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच जुना बाजार गाठला. मरून मखमलीचे दोन जुने पडदे मिळाले, एकाचा काठ उन्हाने विटलेला. घरी कटपिसांचं गाठोडं होतंच. आणि शेजारच्या काकूंनी आपणहून लग्नातली पैठणी आणून दिली. घड्यांवर चिरत गेली होती, नेसण्याजोगी राहिली नव्हती. "कपाटात मरण्यापेक्षा स्टेजवर जाऊ दे," म्हणाल्या. तिला कात्री लावायला मला तासभर धीर होईना.

त्या सालच्या घागऱ्याला आधीच्या फॅशनमधला मागचा फुगवटा उरला नव्हता. कंबर घट्ट, पुढून सपाट, खाली कळ्यांचा घेर आणि मागे दाट चुण्या. कापड पुरावं म्हणून मी कळ्या उलटसुलट मांडून कापल्या, एकीचं डोकं दुसरीच्या पायाशी. सुती कापडाला हे चालतं. मखमलीला लव असते आणि ती उलटी झाली की रंग वेगळा दिसतो, हे वीस वर्षं शिवणकाम करून मी त्या दिवशी विसरले. टाचण्या लावून दिव्याखाली धरलं तर दोन कळ्या काळपट, बाकीच्या उजळ. नवीन कापड कुठून आणणार? रडूच यायचं बाकी होतं. शेवटी टाके उसवले आणि त्या दोन गडद कळ्या बरोबर दोन्ही कुशींना बसवल्या. कंबर आणखी बारीक दिसू लागली! जणू तसंच ठरवलं होतं.

चोळी ताठ राहावी म्हणून आत हाडांच्या पट्ट्यांऐवजी केबल टाय घातले, टोकं वितळवून गोल केली, नाहीतर बरगडीत रुततात. बाह्यांचे फुगे १८९५ च्या सुमाराला अवाढव्य होते, दोन वर्षांत ओसरले. म्हणून खांद्यावर छोटाच फुगा ठेवला, आत फाटक्या मच्छरदाणीचे तुकडे भरून. हातमोज्यांसाठी बँडवाल्यांचे पांढरे हातमोजे आणि शाळेच्या लांब पायमोज्यांच्या नळ्या जोडल्या. गळ्याला क्रोशाच्या जुन्या तोरणाची पट्टी, चहाच्या पाण्यात उकळून पिवळसर केलेली. आधी पॉलिएस्टरची लेस उकळून पाहिली होती. तिने रंग धरलाच नाही, सुताने लगेच धरला.

उरला पैठणीचा पदर. मडमेच्या अंगावर मोर शोभेल का, असं दिग्दर्शकाने विचारलं. १९०३ च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉयच्या बायकोने, लेडी कर्झनने घातलेल्या गाऊनवर मोरपिसांचं जरीकाम होतं आणि ते आपल्याच कारागिरांनी केलेलं होतं, हे मी सांगितल्यावर तो हसला. एका मोराची जर वरून काळवंडलेली. पण अस्सल पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखाच, म्हणून मी तो उलटवला. आतला मोर उजळ निघाला. तो चोळीच्या पाठीवर मधोमध लावला, कारण बातमी ऐकल्यावर मडम प्रेक्षकांकडे पाठ करून दाराशी उभी राहते.

प्रयोगाला काकू तिसऱ्या रांगेत होत्या. मुलगी दाराकडे वळली आणि पिवळ्या उजेडात जर लखलखली. नंतर काकू आत आल्या. मी मागचे हूक काढत होते. त्यांनी मोराच्या मानेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "थांब, सावकाश काढ. इथे हळदीचा डाग होता ना, तो कुठे गेला?"

तो मी आतल्या बाजूला ठेवला होता.